गाठीची साक्ष आणि रक्ताचा दाखला

कर्करोगाच्या गाठीतील जनुके वाचून रोग्यास कोणते औषध लागू पडेल हे ठरविणारी जी विद्या आपल्या डोळ्यांदेखत उदयास आली, तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. म्हणूनच तिच्या निर्णयात शिरणारा एक दोष मला अक्षम्य वाटतो. प्रत्येक मनुष्याच्या जनुकसंपदेत प्रमाणभूत मानलेल्या आराखड्याहून ४० ते ५० लक्ष ठिकाणी भेद असतो. आईबापांकडून आलेले हे भेद बहुतांशी निरुपद्रवी असून ते सर्वांगी, आणि अर्थातच गाठीतही, वास करतात. तेव्हा गाठीत दिसलेला बदल रोगाने घडविला की तो उपजतच होता, याचा निर्णय त्याच रोग्याचे रक्त वाचून दोहोंचा ताळा घेतल्यावाचून खात्रीने होत नाही. परंतु खर्च वाचविण्यासाठी हा ताळा पुष्कळदा गाळतात, आणि परक्या माणसांच्या जनुकांचे दप्तर उघडून, त्यात जो भेद नोंदलेला नाही तो रोगाचा, असे ठरवून मोकळे होतात.

अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ८१५ गाठी त्या त्या रोग्याच्या निरोगी पेशींशी ताडून पाहिल्या, तेव्हा केवळ गाठीवरून रोगजन्य मानलेल्या बदलांपैकी निवडक जनुकांच्या चाचणीत ३१ टक्के, आणि प्रथिने घडविणाऱ्या समग्र भागाच्या वाचनात ६५ टक्के बदल खोटे ठरले. त्यांत औषधाची निवड ज्यांवर अवलंबून असते अशीही जनुके होती!

आपल्याकडे तर ही बाब अधिकच गंभीर आहे, कारण जगातील या दप्तरांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा मोठा. ‘इंडिजेन’ प्रकल्पात १०२९ भारतीयांच्या जनुकसंपदेत जे सुमारे ५ कोटी ५९ लक्ष भेद आढळले, त्यांपैकी जवळजवळ ३२ टक्के भेदांचा जागतिक दप्तरांत मागमूसही नव्हता. पूर्वजांचा असा निरुपद्रवी वारसा रोगाच्या खाती जमा झाला, की गाठीतील बदलांची एकूण संख्या फुगते. आणि २०२० पासून अमेरिकेत दहा लक्ष जनुकाक्षरांमागे किमान १० बदल या निकषावर पेम्ब्रोलिझुमॅब हे महागडे औषध देण्यास मंजुरी असल्यामुळे, त्या फुगवट्यापायी एखाद्या कुटुंबाने जमीनजुमला विकून निष्फळ उपचार पत्करावा, हे मला केवळ तांत्रिक न्यून वाटत नाही. तो अन्याय आहे.

उपजत भेद सारेच निरुपद्रवी असतात असेही नव्हे. बीआरसीए जनुकांतील काही दोष रोग्याच्या भावंडांना व मुलांनाही सावध करणारे असतात, आणि तेही रक्ताच्या ताळ्यावाचून निश्चित होत नाहीत. म्हणून ज्यांच्या घरी गाठीच्या जनुकांचा अहवाल येईल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की औषधाचा विचार करण्यापूर्वी डॉक्टरांना एवढे अवश्य विचारावे: गाठीबरोबर रक्तही तपासले होते काय?