पाण्याखालचे पाहुणपण

आनंद निरागस केव्हा असतो आणि केव्हा तो दुसऱ्याच्या जिवावर उठतो, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. सुट्टीच्या दिवसांत आपण त्याला सहसा थारा देत नाही. तरीही मालवण-तारकर्ली, लक्षद्वीप किंवा अंदमानच्या उबदार समुद्रावर सहकुटुंब जाणाऱ्यांपुढे तो उभा राहतोच. तेथे सागरी जीवनाचा आनंद घेण्याचे तीन मार्ग असतात : होडीतून गळ टाकणे, मुखवटा व श्वासनळी लावून पाण्यावर तरंगत खाली पाहणे, आणि पाठीवर हवेची टाकी बांधून थेट तळ गाठणे. हे तिन्ही आनंद सारखेच निर्दोष आहेत काय?

प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते. गळ जीव घेतो, डोळे जीव घेत नाहीत. म्हणून पाहणारा सज्जन आणि पकडणारा दोषी. परंतु असा झटपट निवाडा अन्यायाचा ठरेल. आपल्या किनाऱ्यावरील कित्येक घरांत चूल पेटते ती मासळीवर. रापण ओढणाऱ्यांकडे पाहा. अनेक घरांचे हात एका दोराला लागतात आणि जाळ्यात आलेल्या मासळीचे वाटे होतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि माशांना वाढीसाठी उसंत मिळते. येथेही जीव जातो. पण त्यामागे गरज असते, मर्यादा असते आणि दर्याविषयी कृतज्ञता असते.

हौशी गळवाल्यापाशी बहुधा यांतली गरज नसते. तो म्हणतो, ‘मी मासा पकडतो आणि लगेच सोडून देतो, मग कोणाचे काय बिघडले?’ हे ऐकायला दयेचे वाटते. मात्र लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजेची जाणीव करून देणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. माशाची वेदना आपल्या वेदनेसारखीच असते का, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही; पण ‘माशाला काही कळत नाही’ असे आता बेधडक म्हणता येत नाही. शिवाय खोल पाण्यातून झपाट्याने वर ओढलेल्या माशाच्या पोटातील हवेची पिशवी फुगते, आणि सोडून दिल्यावरही तो जगेलच याची शाश्वती नसते. स्वित्झर्लंडच्या २००८ सालच्या प्राणिरक्षण नियमांनी तर सोडून देण्याच्या हेतूने मासे पकडण्यास मनाई केली. खाण्यासाठी पकडा, खेळण्यासाठी नको, असा त्यामागचा विचार आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही, असे कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथही सांगतो. म्हणजे संध्याकाळच्या कालवणापुरते दोन मासे घेऊन गळ गुंडाळणारा माणूस, झुंजीच्या रंगतीसाठी दहा मासे पकडून सोडणाऱ्यापेक्षा अधिक निर्दोष ठरतो. गोष्ट उलटी वाटते, पण विचारान्ती पटते.

आता पाहणाऱ्याकडे वळू. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली श्वसनयंत्र सिद्ध केले आणि पुढे सामान्य माणसालाही सागराच्या तळाचे दार उघडले. तेथे पोवळ्यांची जी बाग दिसते ती दगडांची नव्हे, तर असंख्य सूक्ष्म जिवांची वसाहत असते. गोलाकार पोवळ्यांच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. पायातील रबरी पंखाचा एक निष्काळजी फटका अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडू शकतो. मासे जवळ यावेत म्हणून पावाचा चुरा टाकला, तर पोवळ्यांवरचे शेवाळ खाऊन त्यांना मोकळे ठेवणारे मासे आपले काम सोडून होडीमागे धावू लागतात. आपल्या देशात २००१ पासून कठीण पोवळ्यांना वाघाच्या बरोबरीचे कायदेशीर संरक्षण आहे. तरी आठवण म्हणून एखादा तुकडा खिशात घालण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. नुसत्या डोळ्यांनीही माणूस लुटू शकतो तो असा.

सारा दोष पर्यटकाचा नाही. समुद्र तापला की पोवळी आपल्या अंगातील रंगीत शैवाल गमावून पांढरी पडतात. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत लक्षद्वीपने ते अनुभवले. पण म्हणूनच आपली जबाबदारी वाढते. आजाऱ्याच्या घरी जाताना आपण पावले न वाजवता चालतो.

आणखी एक प्रश्न न्यायाचा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला, तेव्हा आपली उपजीविका जाईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला. ज्याचे पोट समुद्रावर आहे त्याने जाळे आवरायचे आणि ज्याची केवळ मौज आहे त्याने मोकळे सुटायचे, ही कोणती नीती? आज तेथील कित्येक तरुण पर्यटकांना पाण्याखाली नेऊन घर चालवतात. होडीचे दर पाडून त्यांना अधिक फेऱ्या मारायला लावणारा पाहुणा त्या समुद्रावरही अन्यायच करतो.

पलाऊ या चिमुकल्या द्वीपराष्ट्राने २०१७ पासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पारपत्रावर एक प्रतिज्ञा छापायला सुरुवात केली. येथील निसर्ग जपीन, असे तेथील मुलांना उद्देशून वचन देऊन पाहुण्याला सही करावी लागते. आपल्याकडे असा शिक्का नाही. पण होडीत पाय ठेवण्यापूर्वी आईबापांनी मुलांकडून तेवढेच वचन घेण्यास कोणाची आडकाठी आहे? स्पर्श करायचा नाही, चारा टाकायचा नाही, उचलून आणायचे नाही. आणि गळ टाकलाच तर जेवढे खाणार तेवढेच घ्यायचे. समुद्र आपल्यासाठी मांडलेले प्रदर्शन नसून ते कोणाचे तरी घर आहे, हे ज्या मुलाला उमगले, त्याचा आनंद या वचनाने उणा होणार नाही.