धुण्याची दोरी

टॅबलेटवर काल्पनिक शहर रंगवायला बसलं की पहिल्या अर्ध्या तासातच खूप काही साधल्यासारखं वाटतं. करड्या कॅनव्हासवर जाड ब्रशने उभे काळे पट्टे ओढले की झाल्या इमारती. त्यांच्यामागे, वेगळ्या लेयरवर, जरा फिके पट्टे. त्यांच्याही मागे आणखी फिके, निळसर. लांबचं धूसर दिसतं हे डोळ्याला सवयीने ठाऊक असतं, त्यामुळे सपाट काचेत त्याला खोल दरी दिसू लागते. मग खिडक्या. एक खिडकी काढायची, तिचाच ब्रश बनवायचा आणि हात वरून खाली न्यायचा. एका दमात हजार खिडक्या उमटतात.

अशी उभी, दाट शहरं रंगवण्याची मला मनापासून ओढ आहे. पण दर वेळी एका टप्प्यावर चित्र अडायचं. सगळं जागच्या जागी असूनही शहर निर्जीव वाटायचं. उंची कमी पडत असेल म्हणून मी मजले चढवत जायची. साठाचे ऐंशी, ऐंशीचे शंभर. तरीही ते उंच वाटत नसे.

मग मी हाँगकाँगमधल्या काउलूनच्या तटबंदी शहराची छायाचित्रं पाहत बसले. आजच्या कितीतरी काल्पनिक शहरांचं मूळ या खऱ्याखुऱ्या वस्तीत आहे. जागा जेमतेम साडेसहा एकर. १९८७च्या सरकारी पाहणीत तिथे सुमारे ३३,००० माणसं राहत होती. तीनशेहून जास्त इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या की जमिनीला पाय न लावता वस्तीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाता येई. खालच्या गल्ल्यांत भरदिवसा दिवे लावावे लागत आणि वरच्या पाइपांतून पाणी ठिबकत राही. उंची मात्र साधारण चौदा मजल्यांवर थांबलेली, कारण जवळच्या काई टाक विमानतळावर उतरणारी विमानं अगदी डोक्यावरून जात.

चौदाच मजले! माझ्या शंभर मजल्यांपेक्षा ते कितीतरी उंच वाटत होते. मी छायाचित्र मोठं करून पाहिलं. जवळजवळ प्रत्येक खिडकीला पिंजऱ्यासारखी बाहेर आलेली जाळी, आणि एकीसारखी दुसरी नाही. कुठे कुंड्या, कुठे वाळत घातलेले कपडे, कुठे पत्र्याचा तुकडा. गच्च्यांवर अँटेनांचं रान आणि त्यात खेळणारी मुलं. आत बिनपरवान्याचे दंतवैद्य होते, फिशबॉल बनवणारे छोटे कारखाने होते.

१९९३मध्ये ही वस्ती पाडायला सुरुवात झाली, पुढच्या वर्षी काम संपलं. आज तिथे बाग आहे. पण पाडण्यापूर्वी जपानी अभ्यासकांच्या एका चमूने रिकाम्या झालेल्या त्या इमारती आतून-बाहेरून मोजल्या. त्यावरून काढलेलं भलंमोठं छेदचित्र १९९७मध्ये पुस्तकात आलं. भिंती कापून आत पाहावं तसं ते आहे. खोल्या रिकाम्या होत्या, तरी चित्रात त्या रिकाम्या ठेवलेल्या नाहीत. सामानसुमान आणि माणसं परत आणून बसवली आहेत. ज्यांचं घर गेलं त्यांचं निदान घरपण तरी कागदावर राहावं, अशी माया त्या रेघांत आहे.

याच्या उलट आठवतात ती अंतोनियो सांतेलिया या इटालियन वास्तुविशारदाची १९१४ची रेखाटनं. उद्याचं शहर कसं असेल ते त्याने काढलं होतं. इमारतींच्या बाहेरून चढणाऱ्या लिफ्ट, एकावर एक धावणारे रस्ते आणि लोहमार्ग. रेषा इतकी झेपावणारी की आजही पाहताना मान वर होते. पण त्या शहरात माणूस जवळपास दिसतच नाही. १९१६मध्ये अवघ्या २८व्या वर्षी तो महायुद्धात मारला गेला आणि ते शहर कागदावरच राहिलं. तिथे राहायला कोण येणार होतं हे काढायला त्याला वेळच मिळाला नाही, असं वाटून मन हळवं होतं.

त्या रात्री मी माझं अडलेलं चित्र पुन्हा उघडलं. वरचे मजले पुसून टाकले. खिडक्यांचा ब्रश बाजूला ठेवला आणि मधल्या मजल्यावरच्या दोन खिडक्यांमध्ये बारीक ब्रशने एक दोरी ओढली. तिच्यावर एक सदरा, एक टॉवेल, एक लहान मुलाची चड्डी. झूम कमी करून पाहिलं, तर इमारत एकाएकी उंच झाली होती.

कारण साधं होतं. सदरा केवढा असतो हे डोळ्याला माहीत आहे. तो सापडला की डोळा त्याच्या मापाने मजले मोजू लागतो. नुसत्या हजार चौकोनांना तसं मापच नसतं. माणूस चित्रात आला की शहराला आकार येतो, मग तो दोरीवरच्या सदऱ्याएवढा का येईना.

तेव्हापासून एक नेम केला आहे. ब्रशने हजार खिडक्या उमटवल्या तरी निदान दहा खिडक्या हाताने काढायच्या. प्रत्येकीशी थांबायचं, इथे कोण राहतं हे स्वतःला विचारायचं आणि उत्तर मिळाल्यावरच पुढे जायचं.

आमच्या समोरच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर पहाटे चारला एक दिवा लागतो. इतकी वर्षं त्या टॉवरकडे पाहून मी फक्त ‘किती ही गर्दी’ एवढंच म्हणत आले. आज त्या दिव्याचा पिवळा रंग नीट पाहिला. इतक्या पहाटे कुणाला डबा करायचा असेल, की कुणी आजाऱ्याच्या उशाशी बसलं असेल?