पांगुळगाडा आणि कडेवरचे मूल

मूल पाऊल टाकू लागले म्हणजे घरात पांगुळगाडा येतो. तो मुलाला चालवीत नाही. मूलच त्याला ढकलीत पुढे जाते. कडेवर घेतलेले मूल पडत नाही हे खरे, परंतु ते चालायलाही शिकत नाही. आधार कुठवर द्यावा आणि तो केव्हा काढून घ्यावा, हा प्रश्न असा प्रत्येक घरात पाळण्याच्या शेजारीच उभा राहतो. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत तोच प्रश्न अधिक बिकट होऊन परत येतो. आज अशा माणसाला पुन्हा चालते करण्यासाठी यंत्रमानवाचे साहाय्य घेतले जात आहे. म्हणून या प्रश्नाचा नव्याने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अर्धांगवायूत पायाची हाडे व स्नायू शाबूत असतात. मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते आणि पायाला मिळणारी आज्ञा दुबळी पडते वा थांबते. सुदैवाने मेंदू नव्या वाटा पाडू शकतो. मात्र त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. आजवर हे काम फिजिओथेरपिस्टच्या हातांनी होत आले. एकाने रुग्णाची कंबर धरायची, दुसऱ्याने खाली वाकून त्याचे पाऊल पुढे ठेवायचे. थोड्याच वेळात मदत करणारेच थकतात. यंत्र नेमके येथे उपयोगी पडते. पट्ट्यांनी रुग्णाचा भार वरून तोलून धरला जातो, पायाखाली सरकता पट्टा फिरतो आणि पायांना बांधलेला, मोटरवर चालणारा सांगाडा खुबा व गुडघा चालण्याच्या लयीत हलवितो. एका बैठकीत शेकडो पावले पडतात. झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयाशी जन्मापासून नाते असलेले लोकोमॅट हे या जातीचे सर्वांत प्रसिद्ध यंत्र. आपल्या देशात, गटारे साफ करणारा बँडिकूट यंत्रमानव बनविणाऱ्या केरळच्या जेनरोबोटिक्स कंपनीने जी-गेटर हे यंत्र घडविले. ते तिरुवनंतपुरमच्या सरकारी रुग्णालयातही पोहोचले आहे.

या खटाटोपाचा लाभ होतो काय? कोक्रेन या संस्थेने २०२० साली ६२ चाचण्यांतील २,४४० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. नेहमीच्या फिजिओथेरपीला यंत्राची जोड मिळाली तेव्हा दुसऱ्याच्या आधारावाचून चालू लागण्याची शक्यता वाढली, असे त्यात आढळले. झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ज्यांना मुळीच चालता येत नव्हते, त्यांना हा लाभ विशेष झाला. उलटपक्षी, २००९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात ६३ रुग्ण होते आणि ते थोडेफार चालू शकणारे होते. त्यांत लोकोमॅटवर चाललेल्यांपेक्षा माणसांच्या हाताखाली सराव केलेल्यांचा वेग व पल्ला अधिक सुधारला.

या दोन निष्कर्षांत आम्हांस विरोध दिसत नाही. ज्याला उभेच राहता येत नाही, त्याला आधी कुणीतरी तोलून धरलेच पाहिजे. पण ज्याच्यात थोडे बळ आले आहे, त्याचे प्रत्येक पाऊल यंत्रानेच उचलून दिले तर त्याचे स्वतःचे स्नायू स्वस्थ बसतात. हे ओळखूनच अलीकडची यंत्रे रुग्णाचा प्रयत्न मोजतात आणि उणे पडेल तेवढीच भर घालतात. जसजसे बळ वाढते, तसतशी यंत्राची मदत कमी करीत नेता येते. पांगुळगाड्याचे शहाणपण तंत्रज्ञांना अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर गवसले, असे म्हणावयास हरकत नाही.

आमच्या घरांनी येथे थोडे थांबून स्वतःकडे पाहावे. आजारी वडिलांना घास भरविणे, त्यांचा सदरा घालणे, त्यांना धरून नेणे हे सारे आपण मायेपोटी करतो. पण पुष्कळदा घाईपोटीही करतो. त्यांनी स्वतः बटण लावायचे म्हटले तर दहा मिनिटे जातात, आणि तेवढा धीर आपल्याजवळ नसतो. मग सेवा करता करता आपण त्यांचे उरलेसुरले बळही काढून घेतो. दुसऱ्या टोकाला, मदत कमी करण्याच्या नावाखाली त्यांना एकटे सोडून देणारेही आहेत. हात आखडता घ्यावा, पण माणसाने जवळून हलू नये: या दोहोंमधील हा अरुंद मार्ग आहे. यंत्र हात आखडता घेऊ शकते. भीतीने थरथरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाहून त्याला धीर देणे त्याला साधत नाही. म्हणूनच यंत्र आले म्हणून फिजिओथेरपिस्ट कमी करणारे रुग्णालय त्या यंत्राचा अर्थच हरवून बसेल. कंबर मोडणारे ओझे यंत्राने उचलावे, ते एवढ्यासाठी की माणसाचे हात व मन रुग्णासाठी मोकळे व्हावे.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. पहिले तीन महिने मोलाचे. पण ज्याला चालता येत नाही, त्याला चालणे शिकण्यासाठी जायचे कसे? हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच कार्य करीत आहे. उत्तनच्या एखाद्या कोळी कुटुंबाने तेथे जायचे म्हणजे आधी भाईंदर स्थानक गाठायचे, पुलाच्या पायऱ्या चढायच्या, गर्दीच्या लोकलने महालक्ष्मीला उतरायचे, आणि हे आठवड्यातून अनेकदा. खासगी रुग्णालयातील यंत्राचा खर्च तर बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा. शुभवर्तमानातील बेथेस्दा येथील रुग्ण अडतीस वर्षे आजारी होता. पाणी हालले की आपणास तळ्यात उतरविणारे कुणी नाही, ही त्याची व्यथा होती. तळे जवळ होते, माणूस नव्हता. आमच्या मीरा-भाईंदरच्या रुग्णापासून तळेही दूर आहे.

तळे जवळ आणण्याची मागणी नागरिक म्हणून आपण केलीच पाहिजे. केरळात सरकारी रुग्णालयात जे शक्य झाले ते येथे अशक्य का मानावे? तोवर माणूस होणे मात्र आपल्या हाती आहे. धर्मग्रामातील एखादे वाहन आठवड्यातून दोनदा रुग्णाला घेऊन जाऊ शकते. सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचे सभासद आणि आमचे तरुण पाळीपाळीने सोबत करू शकतात. घरी करावयाचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेऊन शेजारी तो रोज करवून घेऊ शकतात.

आणि इतके करूनही काहींचे पाय पुन्हा चालणार नाहीत. त्यांचे मोल त्यामुळे तसूभरही उणे होत नाही. त्यांच्यासाठी चर्चच्या पायऱ्यांशेजारी चाकांच्या खुर्चीपुरता उतार बांधला, तर ते आपल्या बळावर आत येतील. तेवढी वाट करून देणे हाही आधारच आहे.