दोन मापे

२१ सप्टेंबर १९९५ चा तो गुरुवार आमच्या पिढीच्या स्मरणात पक्का बसला आहे. गणपतीची मूर्ती दूध पिते अशी वार्ता त्या दिवशी देशभर पसरली आणि जळगावातील आमच्या गल्लीतही दुपारपर्यंत वाट्या-चमचे घेतलेल्या माणसांची रांग मंदिरापासून रस्त्यापर्यंत आली. या प्रकाराचा उलगडा लवकरच झाला. केंद्र सरकारच्या विज्ञान खात्यातील शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तोच प्रयोग केला, तेव्हा रंगीत दूध मूर्तीवरून खाली उतरताना सर्वांना दिसले. काठोकाठ भरलेला चमचा मूर्तीच्या ओल्या पृष्ठभागाला टेकवला की पृष्ठताण व केशाकर्षण यांच्या योगाने दूध ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते. पांढऱ्या दुधाचा हा पातळ थर डोळ्यांना चटकन दिसत नाही, इतकेच.

त्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आम्ही मंडळी या गोष्टीवर मनसोक्त हसलो. त्या हसण्याचे स्मरण आता आम्हांला बोचते. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

खानदेशाला विचार कानांनी ऐकण्याची जुनी सवय आहे. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढे जळगावला आकाशवाणीचे केंद्र झाले आणि ज्या घरात पुस्तक नव्हते त्या घरातही ज्ञानाचा आवाज पोहोचला. केळीवरील करपा, कपाशीवरील अळी यांविषयीचा सल्ला रेडिओवरून येई. आमच्या ओळखीचा शेतकरी तो लक्षपूर्वक ऐके; पण सबंध बागेवर उपाय करण्याआधी दोन ओळींवर करून पाही. त्याला कोणी नास्तिक म्हणत नसे. विज्ञानाची पद्धत म्हणून पुढे व्याख्यानांतून जे ऐकले, ते या माणसाच्या बांधावर आम्ही आधीच पाहिले होते: ऐकावे, करून पाहावे, आणि जे दिसेल ते मान्य करावे.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी आकाशवाणीने मानवाच्या उत्क्रांतीवर शंभराहून अधिक भागांची मालिका अनेक भारतीय भाषांतून प्रसारित केली. आमच्या घरी तिच्यामुळे थोडे वादळ झाले. माणूस जर अशा प्रदीर्घ क्रमाने घडला, तर उत्पत्तीच्या पुस्तकाचे काय, असा प्रश्न वडीलधाऱ्यांनी केला. त्यावर रेडिओ बंद करणे हा एक मार्ग होता. सुदैवाने आमच्या वडिलांनी तो पत्करला नाही. पुढे २२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीला संदेश पाठवला. उत्क्रांतीचा सिद्धांत आता केवळ एक कल्पना राहिलेला नाही, असे त्यांनी त्यात मान्य केले. आत्मा मात्र थेट परमेश्वराचे देणे आहे, हेही स्पष्ट केले. त्याआधी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांनीच गॅलिलिओच्या बाबतीत त्या काळच्या धर्मपंडितांची चूक झाल्याचे कबूल केले होते. गॅलिलिओवरील निकाल १६३३ सालचा. म्हणजे ही कबुली येण्यास साडेतीन शतकांहून अधिक काळ लागला. सत्याला भिण्याची किंमत किती काळ मोजावी लागते, हे त्यावरून कळावे.

त्याच सुमारास धुळ्यात आम्ही अंधश्रद्धा निर्मूलनाच्या एका कार्यकर्त्याचे व्याख्यान ऐकले. त्याने एका ताटलीत कसलीशी जांभळट भुकटी ठेवली, मंत्र पुटपुटत वरून तुपासारखे काही ओतले आणि क्षणभरात ज्वाळा उठली. सभागृहात कुजबुज झाली. मग त्याने सांगितले की भुकटी पोटॅशियम परमँगनेटची आणि तूप म्हणजे ग्लिसरीन. मंत्राच्या जागी पाढे म्हटले तरी जाळ होईल. पुढे तो सातपुड्यातील पाड्यांवर डाकीण ठरवून छळल्या जाणाऱ्या स्त्रियांविषयी बोलला, तेव्हा सभागृह गप्प झाले. खोटा चमत्कार ही केवळ करमणूक नव्हे. त्याच्या पोटात कोणाचा तरी बळी असतो, हे आम्हांला त्या रात्री प्रथम उमगले.

या चळवळीतील अग्रणी डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साने गुरुजींनी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकाचे संपादक. आपला विरोध देवाला किंवा धर्माला नसून त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, अशी त्यांची भूमिका होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्यात कोणत्याही एका धर्माचे नाव नाही. साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणारा भगत असो की तथाकथित चमत्कार दाखवून पैसा कमावणारा कोणी असो, कायद्याचे माप एकच आहे. आमचे माप मात्र एक नव्हते.

२०१२ साली मुंबईत इर्ला येथील वेलंकनी मातेच्या चर्चबाहेरील क्रूसमूर्तीच्या चरणांतून पाणी ठिबकू लागले. भाविक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकु यांनी जागा पाहून सांगितले की जवळच्या सांडपाण्याच्या वाटेतील पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत आहे. दूरचित्रवाणीवर त्यांनी चर्चवरही कडक टीका केली. त्यांच्याविरुद्ध धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, आणि त्या आपल्याच कॅथलिक बांधवांनी केल्या. अटकेच्या भीतीने ते त्याच वर्षी फिनलंडला गेले. त्यांची भाषा कोणास बोचली असेल, हे आम्ही समजू शकतो. पण वाचकहो, केशाकर्षण तेच होते! १९९५ साली ते दुसऱ्याच्या मूर्तीपाशी दिसले तेव्हा आम्ही हसलो. २०१२ साली ते आपल्या क्रूसापाशी दाखवले गेले तेव्हा आम्ही पोलिसांकडे गेलो. निसर्गाचा नियम मंदिर आणि चर्च यांत भेद करीत नाही. तो भेद आपण केला.

हे सारे दूरच्या मुंबईचे, असे म्हणून आम्हांला सुटता येत नाही. आमच्या एका मावशीला मधुमेह होता. इन्सुलिनची कुपी ती थंडाव्यासाठी माठाजवळ ठेवी. एकदा ती परगावी एका आरोग्यप्रार्थनेला जाऊन आली. तू बरी झालीस, आता औषधाची गरज नाही, असे तिला तेथे कोणीतरी सांगितले. तिचा चेहरा इतका उजळला होता की आम्हांला काही बोलवेना. माठाजवळची कुपी आठवडाभर तशीच राहिली, मग महिनाभर. आम्ही रोज पाहत होतो. बोललो तर श्रद्धा कमी आहे असे म्हणतील, ही भीती. शिवाय हे आपल्यातले, त्याला भगतगिरी कसे म्हणावे? पायाच्या बोटाची जखम काळी पडली तेव्हा कोठे आम्ही तिला रुग्णालयात नेले. मावशी वाचली, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. खाटेवरून तिने एकच विचारले, "तुम्हां शिकल्यासवरल्यांना ठाऊक होतं ना रे? मग बोलला का नाहीत?"

या प्रश्नापुढे आमची सारी ऐकलेली व्याख्याने व्यर्थ ठरली. विज्ञान आम्हांला ठाऊक होते. ते आम्ही केवळ दुसऱ्यांसाठी राखून ठेवले होते.

कोणी म्हणेल, प्रत्येक गोष्टीवर शंका घेत गेल्यास श्रद्धा उरेल काय? आम्हांला वाटते, चर्चने स्वतःच याचे उत्तर दिले आहे. लुर्द येथे पवित्र मरियेने बर्नादेतला १८५८ साली दर्शन दिले, अशी आपली श्रद्धा. तेथे बरे झाल्याचे दावे तपासण्यासाठी १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे आणि तपासणीत कोणत्याही धर्माच्या वा निधर्मी डॉक्टरांना भाग घेता येतो. आजवर सात हजारांहून अधिक घटनांची नोंद झाली. चर्चने चमत्कार म्हणून मान्यता दिली ती जेमतेम सत्तरांच्या वर. आजार खरोखर होता काय, औषधाने बरा झाला नाही ना, पुन्हा उलटला नाही ना, अशी कसून चौकशी होते. माता चर्च स्वतःच्या तीर्थक्षेत्री एवढी चिकित्सक असेल, तर तिच्या लेकरांनी धर्मग्रामात डोळे मिटून का वागावे? प्रेषित थॉमसने जखमांत बोट घालून पाहण्याचा हट्ट धरला, तेव्हा प्रभूने त्याला हाकलून दिले नाही. हात पुढे करण्यास सांगितले. न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना प्रभूने धन्य म्हटले हे खरे, पण विचारणाऱ्याच्या तोंडावर दार लावले नाही. संत पॉलनेही थेस्सलनीकाकरांना सर्व गोष्टी पारखून चांगले ते धरण्यास सांगितले आहे.

शंका घेणाऱ्यालाही एक मर्यादा पाळावी लागते. विज्ञान पाणी कसे चढते ते सांगते. ते पाणी बाटलीत भरून नेणाऱ्या आईच्या घरी कोण आजारी आहे, हे त्याला विचारावेच लागत नाही. आपल्याला ते विचारले पाहिजे. तिची फसवणूक थांबवणे हा धर्म, तिची टिंगल करणे हा अधर्म. चर्चच्या आवारातील आमच्या त्या हसण्यात दुसऱ्याची भक्ती समजून घेण्याची इच्छा नव्हती, आणि मावशीसमोरच्या आमच्या मौनात तिच्यावरील प्रेम पुरेसे नव्हते. दोन्ही वेळा आम्ही सत्यापेक्षा आपल्या-परक्याचा विचार अधिक केला.

म्हणून आम्ही स्वतःला एक नियम घालून घेतला आहे आणि आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांपुढे तो नम्रपणे ठेवतो. शेजाऱ्याच्या मंदिरातील वार्तेला जो प्रश्न विचारू, तोच आपल्या क्रूसापाशी विचारायचा. आजाऱ्यासाठी जपमाळ म्हणायची, नोव्हेना करायची, आणि औषधाची वेळही चुकू द्यायची नाही. आणि प्रभूच्या नावाने कोणी औषध बंद करण्यास सांगेल, तेव्हा तेथल्या तेथे, सर्वांदेखत, नाही म्हणायचे.

मावशी पुढे कुबडी घेऊन मिस्सेला येत असे. तिची श्रद्धा उणावली नव्हती. इन्सुलिनही तिने पुन्हा कधी चुकवले नाही.