विद्यापीठ कोणाचे ऋणी?

एखाद्या प्रांताने स्वतःचे विद्यापीठ मागितले म्हणजे ती मागणी रास्त आहे हे सर्वांस तत्काळ पटते. परंतु विद्यापीठ मिळाल्यावर ते त्या प्रांताचे काय देणे लागते, हा प्रश्न सहसा कोणी काढीत नाही. इंडोनेशियातील बांका-बेलितुंग ह्या कथिलाच्या खाणींच्या बेटांना २००० साली स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला, २००६ साली तेथे विद्यापीठ निघाले व २०१० साली ते सरकारी झाले. तरुणांना दर वेळी समुद्र ओलांडावा लागू नये, हा हेतू उघड आहे. आमच्या वर्धा जिल्ह्याभोवती समुद्र नाही. पण मध्यप्रांतातील महाविद्यालये अलाहाबादेशी जोडलेली होती त्या काळी येथल्या विद्यार्थ्यास ती पदवी समुद्रापलीकडच्या वस्तूइतकीच दूरची वाटत असावी. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले व पदवीचे पीठ पन्नास मैलांच्या आत आले. पुढे १९७५ साली नागपुरास पहिले विश्व हिंदी संमेलन भरले. तेथील ठरावाचे फळ म्हणून १९९७ साली खुद्द वर्ध्याच्या टेकडीवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय उभे राहिले. अंतराची तक्रार करण्यास आता फारशी जागा उरलेली नाही. म्हणूनच ऋणाचा हिशेब मांडण्यास हीच वेळ योग्य आहे असे आम्हांस वाटते.

हा हिशेब वर्ध्यात पूर्वी एकदा निघालाही होता. १९३७ च्या ऑक्टोबरात येथे शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 'वर्धा योजना' हे नाव देशभर झाले. परंतु ती कीर्ती टकळीपुरती आणि प्राथमिक शाळेपुरतीच राहिली. त्याच वर्षी गांधीजींनी 'हरिजन' पत्रात उच्च शिक्षणाविषयी जे लिहिले, त्याकडे सुशिक्षितांनी सोयिस्कर डोळेझाक केली. ज्या धंद्यास पदवीधर हवे असतील त्या धंद्याने त्यांच्या शिक्षणाचा खर्च सोसावा. इंजिनियर कारखान्यांनी तयार करावेत, व्यापाऱ्यांची महाविद्यालये व्यापाऱ्यांनी चालवावीत, सरकारने आपल्या नोकरीस लागतील तेवढीच माणसे शिकवावीत. असा त्यांचा रोखठोक विचार होता.

हा विचार आम्ही जसाच्या तसा स्वीकारू शकत नाही. गिरणीमालक आपल्यासाठी इंजिनियर शिकवून घेईल. पण आष्टी-कारंज्याकडच्या कोरडवाहू कापूसवाल्याने आपल्यासाठी शास्त्रज्ञ कोणत्या पैशाने शिकवून घ्यावा? ज्याला विद्येची गरज अधिक त्याची ऐपत कमी, ही अडचण त्या योजनेत सुटत नाही. उलट अधिकच आवळली जाते. तथापि गांधीजींचे उत्तर नाकारले तरी त्यांचा प्रश्न नाकारता येत नाही. खर्च कोण करतो? सरकार करते, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु सरकारच्या तिजोरीत पैसा येतो कोठून? हिंगणघाटच्या शिवारात कापूस वेचणारी बाई साबणाची वडी विकत घेते तेव्हा तिच्या पैशातील काही अंश तिजोरीत जातो. तिचे मूल विद्यापीठाच्या दारापर्यंत पोचेलच असे नाही. बहुधा पोचत नाही. म्हणजे जिने कधी पाहिलेही नाही त्या संस्थेची ती रोजची देणगीदार आहे, आणि देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर तिचे नाव मात्र कोरलेले नसते.

येथपर्यंत बहुतेक लोक आमच्याशी सहमत होतील. पण पुढच्या पायरीवर आमचा त्यांच्याशी मतभेद आहे. ते म्हणतात, हे ऋण शिकलेल्या तरुणाने फेडावे; त्याने गाव सोडू नये. ह्या उपदेशात आम्हांस मोठा अन्याय दिसतो. पुण्याच्या प्राध्यापकाचा मुलगा अमेरिकेस गेला तर पेढे वाटले जातात. आर्वीच्या शेतकऱ्याचा मुलगा पुण्यास गेला तर त्याला मातीची आठवण करून दिली जाते. मातीचे ऋण फक्त मातीत जन्मलेल्यानेच का फेडावे? शिवाय ज्या मातीने त्याच्या बापाचे कर्ज फिटू दिले नाही, तिच्याकडे त्याने परत यावे असे सांगण्याचा अधिकार आम्हांला, खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांना, कोणी दिला? पंतप्रधानांनी २००६ साली शेतकरी-आत्महत्यांच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा एक होता, हे विसरून असा उपदेश करणे निर्दयपणाचे आहे.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालये विद्यार्थ्यांकडून सेवेचे बंधपत्र लिहून घेतात. सेवा न केल्यास दंडाची रक्कमही ठरलेली असते. व्यवहारात ह्याचा अर्थ असा की, श्रीमंताने दंड भरावा व गरिबाने सेवा करावी. जे कर्तव्य पैसे टाकून विकत घेता येते ते कर्तव्य राहत नाही, भाडे होते.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाची गोष्ट थोडी निराळी आहे. सुशीला नायर ह्यांनी १९६९ साली ते काढले. तेथेही अटी होत्या; पदव्युत्तर प्रवेश हवा असेल तर खेड्यात दोन वर्षे काम केलेले असावे, हा नियम तेथे पुष्कळ वर्षे चालला. परंतु त्या अटीपूर्वी संस्थेने स्वतः एक गोष्ट केलेली असे. नवी तुकडी आली की ती एखादे खेडे दत्तक घेई, तेथे शिबिर करून राही, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जात. म्हणजे आधी संस्था गावात गेली, मग तिने विद्यार्थ्यास गावात जावयास सांगितले. आमच्या मते सारा भेद ह्या क्रमात आहे. पहिली ऋणको संस्था आहे, विद्यार्थी नव्हे. जी संस्था आपल्या भोवतालच्या दहा कोसांची कधी विचारपूस करीत नाही, तिने पदवीधराकडे कृतज्ञता मागू नये.

मग संस्थेने हे ऋण कसे फेडावे? कोणी म्हणतील, प्रौढांचे वर्ग काढावेत, शिबिरे भरवावीत. काढावेत, भरवावीत; त्यास आमची हरकत नाही. परंतु विद्यापीठ हे धर्मादाय मंडळ नव्हे. त्याचा धंदा ज्ञानाचा आहे, आणि माणसाने आपले ऋण आपल्या धंद्यातील नाण्यानेच फेडावे. आपल्या प्रदेशास ज्ञानाचा विषय करणे, त्याची जमीन, त्याचा कापूस, त्याची कर्जे, त्याची बोली ह्यांचा इतर कोणत्याही विषयाइतक्याच कसोशीने अभ्यास करणे, हे त्याचे पहिले देणे होय. ज्याची संस्था राष्ट्रीय, ज्याची भाषा हिंदी, त्यालाही ह्यातून सूट नाही. पाहुणा म्हणून आलेल्यानेही यजमानाचे नाव विचारावयाचे असते.

ह्यासंबंधी एक उदाहरण आमच्या मनातून जात नाही. आमच्या जिल्ह्यात कोलाम लोक राहतात. त्यांची कोलामी बोली द्राविडी कुळातील आहे. ह्या बोलीचे पद्धतशीर व्याकरण आणि शब्दसंग्रह एमेनो नावाच्या पंडिताने सिद्ध केला. त्याचा आधार वर्धा जिल्ह्यातील बोलीचाच होता, आणि १९५५ साली तो ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापला. परक्याने हे केले ह्याचा आम्हांस मुळीच विषाद नाही. विद्येला सोयरसुतक नसते, आणि कोलामी शब्द कॅलिफोर्नियात छापला म्हणून तो कमी कोलामी होत नाही. पण नागपूरचे विद्यापीठ तेव्हा बत्तीस वर्षांचे होते, ही गोष्ट मनास टोचते. ग्रंथ इंग्रजीत आहे. ज्यांच्या तोंडचे शब्द त्यात आहेत, त्यांच्या पोडावरचे मूल शाळेत जाते तेव्हा तेथे त्याला मराठी भेटते. आणि घरी बोललेला शब्द चुकीचा नसून निराळा आहे, हे त्याला सांगणारा गुरुजी कोणत्या विद्यापीठातून शिकून यावयाचा, ह्याची आम्ही अजून वाट पाहत आहोत.