आपल्या बाजूचा गुन्हेगार

जुलै 1999 मध्ये लोमे इथे सिएरा लिओनचं सरकार आणि आरयूएफ ही बंडखोर संघटना यांच्यात शांतताकरार झाला. गावकऱ्यांचे हात तोडणाऱ्या, लहान पोरांच्या हाती बंदुका देणाऱ्या या संघटनेला सरसकट माफी मिळाली. तिचा म्होरक्या फोडे सांको याला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा मिळाला, शिवाय हिऱ्यांसह साऱ्या खनिजांवर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपदही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने सही करताना एवढीच नोंद केली की, मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना ही माफी लागू मानणार नाही.

माफीने शांतता विकत मिळते, हा समज वर्षभरही टिकला नाही. मे 2000 मध्ये आरयूएफने सुमारे 500 शांतिसैनिकांना ओलीस धरलं. शांतिसेनेचे प्रमुख तेव्हा भारताचे मेजर जनरल विजय जेटली होते. कैलाहूनच्या वेढ्यात अडकलेल्या भारतीय जवानांना जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ करून सोडवावं लागलं.

मात्र युद्ध थांबवलं ते पुढे युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायालयाने नव्हे. ब्रिटिश फौज उतरली, शांतिसेना वाढवली गेली, हजारो बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवली. राजधानी फ्रीटाउनमधल्या या न्यायालयाचा करार झाला जानेवारी 2002 मध्ये, म्हणजे युद्ध संपत आल्यावर. खटल्यांमुळे शांतता आली, असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम आधी पाहावा. मग खटल्यांनी साधलं काय?

त्याचं उत्तर मला सांकोच्या किंवा चार्ल्स टेलरच्या प्रकरणात सापडत नाही. सांको 2003 मध्ये कोठडीतच मेला. टेलर हा शेजारच्या लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष. त्याला 2012 मध्ये 50 वर्षांची शिक्षा झाली. हरलेल्या खलनायकाला शिक्षा करणं जगाला फारसं जड जात नाही. कसोटी लागली ती सॅम हिंगा नॉर्मन यांच्या वेळी. बंडखोरांशी लढून गावं राखणाऱ्या कामाजोर या पारंपरिक शिकाऱ्यांच्या दलाचे ते नेते, दक्षिणेत लोकांचे नायक. मार्च 2003 मध्ये अटक झाली तेव्हा ते देशाचे गृहमंत्री होते. आरोप होते फितुरीच्या संशयावरून केलेल्या हत्यांचे आणि बालसैनिक वापरल्याचे.

निकालाआधीच, 2007 मध्ये, नॉर्मन वारले. त्यांच्या दोन सहकाऱ्यांना खालच्या पीठाने सहा आणि आठ वर्षांची शिक्षा दिली. उलथवलेलं लोकनियुक्त सरकार परत आणण्यासाठी ते लढले, ही बाब सौम्यतेसाठी धरली. अपील पीठाने 2008 मध्ये हे कारण नाकारलं आणि शिक्षा 15 आणि 20 वर्षांवर नेली. ध्येय न्याय्य असलं म्हणून निःशस्त्र माणसाला मारल्याचा गुन्हा हलका होत नाही, असा त्याचा अर्थ. दुर्योधनाच्या मांडीवर पडलेल्या गदेबद्दल आपल्याकडे अजून वाद चालतो. इथे न्यायाधीशांनी निकाल देऊन टाकला. मला तो योग्य वाटतो. आपल्या बाजूच्यांना सोडणाऱ्या खटल्याला हरलेला गट सूडच म्हणतो, आणि त्याचं चूक नसतं.

याची राजकीय किंमत मोजावी लागली. नॉर्मन यांच्या अटकेचा राग दक्षिणेत धुमसत राहिला. 2007 च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षातून फुटलेल्या गटाने विरोधकांना साथ दिली आणि सरकार पडलं. राग बंदुकीऐवजी मतपेटीतून बाहेर पडला. त्याचं सगळं श्रेय न्यायालयाला देता येणार नाही. पण दोन्हीकडचे सेनापती कोठडीत असल्याने त्या रागाला सैन्य मिळालं नाही, हे उघड आहे.

उणीव मोठी राहिली. आरोपपत्रं निघाली अवघ्या 13 जणांवर. हात गमावलेल्यांना भरपाई देण्याची तरतूद या न्यायालयाकडे नव्हती. ते काम सत्यशोधन आयोगाच्या शिफारशींवर आणि कफल्लक सरकारवर पडलं. लायबेरियाची तऱ्हा आणखी वेगळी. टेलरवर खटला चालला तो सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. त्याच्या स्वतःच्या देशातल्या यादवीचा हिशेब त्यात नव्हताच. तिथला एक सेनानी, प्रिन्स जॉन्सन, अनेक वर्षं सिनेटर म्हणून निवडून येत राहिला. युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाची तयारी करणारं कार्यालय स्थापण्याच्या आदेशावर तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी सही केली 2024 मध्ये. जॉन्सन त्याच वर्षी वारला. त्याच्यावर देशात खटला कधीच चालला नाही.