दुखावलेली दृष्टी : 'स्मृतिचित्रे' आणि सहजीवनाचे आकलन

जोडीदाराच्या वागण्याने मन दुखावले, की प्रेम उणावते असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात प्रेमाआधी बदलते ते आकलन. कालपर्यंत स्वभावाची लहर म्हणून सोडून दिलेली गोष्ट आज पुरावा ठरते आणि जुन्या आठवणीही नव्या अर्थाने वाचल्या जाऊ लागतात. दुखावलेल्या माणसाला दिसणारा जोडीदार अधिक खरा असतो, की अधिक विकृत?

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) या प्रश्नासंदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहेत. ना. वा. टिळक शीघ्रकोपी आणि लहरी होते. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि पतिपत्नींच्या वाट्याला काही वर्षांचा वियोग आला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो मात्र जातिभेदाविषयी स्वतः विचार करून. निवेदनात पतीचा उल्लेख 'टिळक' असाच येतो. या नावाने राखलेल्या अंतरामुळे पत्नीला अक्षरओळख करून देणारा आणि तिला एकाकी सोडणारा पुरुष एकच आहे, हे निवेदिकेला पाहता येते. चांगुलपणाच्या खात्यातून दुःखाची वजावट ती करीत नाही.

तिच्या विनोदाला समीक्षेने बहुधा क्षमाशीलतेचे लक्षण मानले. परंतु घाव विसरला गेला असता, तर या विनोदाला विषयच उरला नसता. येथे क्षमा विस्मृतीवर उभी नाही. तिला नेमकी स्मृती लागते.

सुनीता देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी' (१९९०) मध्ये असा उघड आघात नाही. गृहीत धरले जाण्याची दीर्घकाळची वेदना आहे. ते पु. ल. देशपांडे यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले, तर टिळक १९१९ मध्येच निवर्तले होते. उत्तर देऊ न शकणाऱ्या व्यक्तीविषयी लिहिताना निवेदिकेची जबाबदारी वाढते. लक्ष्मीबाई स्वतःच्या हट्टाची आणि सोवळ्याओवळ्याचीही थट्टा करतात. सुनीताबाईही स्वतःला उलटतपासणीतून वगळत नाहीत. दुखावलेली दृष्टी विश्वसनीय ठरते ती अशी स्वतःकडेही वळल्यामुळे.

मात्र या निकषाला मर्यादा आहे. घाव ताजा असताना दुखावलेल्याकडून समतोलाची अपेक्षा करणे हा दुसरा अन्याय होय. दोन्ही लेखिकांचा समतोल अनेक वर्षांनंतरचा आहे, आणि तो त्यांनी स्वेच्छेने साधला आहे. वाचकाला तो त्यांच्याकडे कर्तव्य म्हणून मागता येणार नाही.